झऱ्यावरचा पहारा

गडोगडी जाऊन स्वतःची कवनं गाणारा एक वृद्ध कवी एकदा आपल्या शिष्यासह एक गड चढत होता. चढ उभा होता आणि म्हाताऱ्याला पावलोपावली धाप लागत होती. शिष्याच्या खांद्यावर गुरूची वीणा होती आणि मनात एकच आशा. गडाच्या नव्या सामंताने दोघांना कायमचा आश्रय देऊ केला होता. राहायला कौलारू घर आणि दोन वेळचं अन्न. कवीने भरसभेत आपलं ते प्रसिद्ध कवन म्हणावं, एवढीच अट होती. मागचा हिवाळा गुरूने देवळांच्या ओवऱ्यांत खोकत काढला होता. तसा आणखी एक हिवाळा त्याला झेपणार नाही, हे शिष्याला दिसत होतं.

ते कवन साऱ्या प्रांताला तोंडपाठ होतं. दुष्काळाच्या वर्षी या गडाच्या जुन्या सामंताने झऱ्यावर भालेकरी बसवले आणि लोकांना पाण्यासाठी तडफडायला लावलं. तेव्हा कवीने त्याच्याच सभेत, त्याच्याच तोंडावर ते कवन म्हटलं होतं. त्याबद्दल पाठीवर चाळीस कोरडे बसले. गुरूच्या पाठीला तेल लावताना शिष्याची बोटं अजून त्या वळांवरून फिरत. आता तो सामंत लढाईत हरला होता आणि नवा गादीवर आला होता.

अर्ध्या वाटेवर तोच झरा लागला. तिथे भालेकरी उभेच होते, पागोटी तेवढी नवी होती. गुरूला खोकल्याची उबळ आली, तरी निमंत्रणावरची मुद्रा पाहीपर्यंत त्यांनी ओंजळभर पाणी घेऊ दिलं नाही. शिष्य चडफडला खरा, पण कौलारू घराच्या विचारात पुढच्याच वळणावर ते विसरूनही गेला.

सभा गच्च भरली होती. मधोमध जुन्या सामंताला हात बांधून बसवलं होतं.

"म्हणा कविराज," नवा सामंत म्हणाला. "याच्याकडे तोंड करून म्हणा."

कवीने वीणा जुळवली. क्षणभर त्या बांधलेल्या हातांकडे पाहिलं, मग गादीकडे पाहिलं. आणि एकाएकी खुंट्या सैल करून त्याने वीणेवर गवसणी चढवली.

"मला ते आता येत नाही, महाराज."

शिष्य चक्रावला. येत नाही? काल संध्याकाळीच तर गुरुजी ते गुणगुणत होते! जन्मात कधी खोटं न बोललेला माणूस आजच, घर दारात आलेलं असताना का बोलावा?

"म्हातारपण!" नवा सामंत हसला. "तुला येतं ना रे? तू म्हण."

शिष्याने गुरूकडे पाहिलं. गुरूने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तो उठून बाहेर निघून गेला. शिष्याने गोंधळलेल्या मनानेच सूर लावला. पहिल्याच कडव्याला सभा खदखदून हसली. कवनातला सामंत क्रूर राक्षस होता, समोर मात्र मान खाली घातलेला एक थकलेला माणूस बसला होता. आपण काहीतरी चुकतो आहोत असं शिष्याला वाटत राहिलं, पण काय ते उमगेना. शेवटी टाळ्या झाल्या आणि घराची किल्ली त्याच्या हातात पडली.

गुरू बाहेर पायरीवर बसला होता.

"गुरुजी, त्या कवनातला एक तरी शब्द खोटा आहे का?"

"एकही नाही."

"मग तुम्ही येत नाही का म्हणालात? मला काहीच कळत नाही!"

कवीने धाप ओसरू दिली. "बाळ, ते कवन मी माणसावर रचलं नव्हतं, पाण्यावरच्या पहाऱ्यावर रचलं होतं. तेव्हा ते म्हणायला छाती लागली. आज नुसता गळा पुरला. येताना झऱ्यावर तू काय पाहिलंस? आज ज्याच्या तोंडावर ते म्हणायला हवं होतं, तो गादीवर बसला होता. तेवढी छाती माझ्यात उरली नाही रे. पाठीला अजून सगळं आठवतं. आणि बांधलेल्या माणसाला ते ऐकवून शूर म्हणवून घ्यायची मला लाज वाटली. म्हणून येत नाही म्हणालो. ते खोटं नव्हतं."

शिष्याने हातातल्या किल्लीकडे पाहिलं. मग त्याने गुरूच्या खांद्यावर आपली घोंगडी नीट पांघरली, वीणा उचलली आणि तो पुन्हा आत गेला. जुन्या सामंताकडे पाठ करून तो गादीसमोर उभा राहिला. किल्ली त्याने गादीच्या पायरीवर ठेवली, नव्या सामंताच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि तेच कवन पहिल्यापासून म्हणायला घेतलं. एकही शब्द त्याने बदलला नाही.

या वेळी सभेत कोणी हसलं नाही.