झाकणावरचं नाव

ही गोष्ट कुठल्या गावची, हे आता खात्रीने सांगवत नाही. पण अवजारं स्वतःच कामं करत, त्या काळची हे नक्की. भेटपेट्या बनवणाऱ्या एका कारागिराकडे हाडाची घडीपट्टी होती. जाड कागदावर रेघ दाबून घड्या पाडण्यात तिची हयात गेली होती. शेजारी नवी उठावाची लेखणी आली होती. ती कागद मागून दाबून पुढे अक्षरं उठवी.

कारागिराची लेक वेणू दुसऱ्या दिवशी सासरी निघणार होती. तिच्या पेटीपुरता एकच कागद उरला होता.

"मागून लिहितेस ना, मग उलटं लिही गं बाई!" पट्टी तिसऱ्यांदा म्हणाली.

"उलटं लिहायला मी काय अडाणी आहे, आजी?" लेखणी फणकारली आणि तिने सुरेख, सरळ 'वेणू' दाबलं.

कागद पालटला, तर नाव आरशात पाहिल्यासारखं उलटं!

"झालं समाधान? आता पोरीने आरसा घेऊन हिंडायचं का?" पट्टीने कपाळ बडवलं. पण दुसरा कागद होता कुठे? चरफडतच तिने घड्या पाडल्या. पेटी गेली, लेखणीला टोमणे मात्र रोज मिळत राहिले.

बारा वर्षांनी माहेरी आलेली वेणू ती पेटी उघडून आपल्या लेकीला म्हणाली, "हे नाव बाहेरून कुणाला वाचता येत नाही. मुद्दाम फक्त माझ्यासाठी केलंय."

पट्टीने उघड्या झाकणात डोकावून खात्री करून घेतली. आतून नाव सरळच होतं, आणि बोट फिरवून फिरवून गुळगुळीत झालं होतं.