धारजाई वाटेवर का बसली

देऊळ रिकामं दिसतंय, नाही का? घाबरू नका, मूर्ती चोरीला गेलेली नाही. देवी तिकडे आहे, पायवाटेच्या कडेला, उघड्यावर. आणि तुम्ही एवढे कॅमेरे गळ्यात घालून ज्या फुलासाठी आलात ती निळी आमरी, तुमचं ते ऑर्किड, तीही तिथेच. जांभळट नव्हे हं, खरी निळी. मी इथला गुरव. बसा, सांगतो.

फार पूर्वी आमच्या भोमवलीत निराळ्यांचं एक घर होतं म्हणे. निराळी म्हणजे निळीत सूत रंगवणारे. घरात सुंद्राक्का आणि तिची एकुलती एक लेक येसू. येसूला तापानं धरलं, सात दिवस उतरेना. सुंद्राक्कानं धारजाईपुढे पदर पसरला. "पोर माझ्या पदरात टाक, तुला निळं फूल वाहीन." तिसऱ्या दिवशी पोर उठून पेज प्याली.

आता नवस फेडायचा. सुंद्राक्कानं अख्खी राई पालथी घातली. लोकही फुलं आणून देत, आणि ती एका नजरेत सांगे, "जांभळं आहे." बायका वैतागल्या. "अगं, देवी काय तुझ्यासारखी पारख करत बसणार आहे? दे वाहून!" पण जिनं जन्मभर निळा रंग विकला, ती देवीच्या माथी जांभळा कसा मारणार? ती काही बधली नाही. आणि पावसाळा सरता सरता येसूला पुन्हा ताप भरला. या खेपेला पोर डोळेच उघडेना.

त्या सकाळी सुंद्राक्का एका जुन्या किंजळीवर चढली. फांदीवर आमरीचा एकच तुरा होता, नुकता उमललेला. फुलं हिरवट-पिवळी. तिनं तुरा तोडला, बघितला आणि रागानं वाटेवर भिरकावून दिला. दुपारी हात हलवत परत येते, तर तोच तुरा मातीत पडलेला, आणि निळा!

अहो, हे तर तिच्याच धंद्यातलं! निळीच्या रांजणातून सूत बाहेर काढलं की हिरवट-पिवळंच असतं, वारा लागला की निळं होतं. हजारदा तिनं स्वतःच्या हातानं केलेलं हे काम, आणि नेमकी तीच चुकली. कपाळ बडवून घेतलं बिचारीनं, असं सांगतात.

मग मातीनं माखलेला तो तुरा उचलून धावत देवळात आली. तेव्हाचा गुरव, म्हणजे आमच्या पणज्याचा पणजा, दारात आडवा आला. "पडलेलं फूल देवीला चालत नाही."

"चूक माझी आहे, पोरीची नाही," सुंद्राक्का म्हणाली. "पडलेलं फूल इथं चालत नसेल, तर ते पडलं तिथं देवीला ने."

गुरव हसला. आता आमच्याच घरचा माणूस, पण खोटं कशाला सांगू? हसला. तिनं त्याला बाजूला सारलं, आत शिरली आणि देवीला कवेत घेतलं. चार गड्यांना न उचलवणारा तो पाषाण बाईनं कडेवर पोर घ्यावी तसा उचलला म्हणे! वाटेवर नेऊन टेकवला, तुऱ्यावरची माती झटकून तो माथ्यावर ठेवला आणि घराकडे पळाली. येसू उंबऱ्यात बसली होती. म्हणाली, "कुठं गेलतीस गं आये? भूक लागली."

दुसऱ्या दिवशी देवीला परत आणायला दहा जण गेले. ती तसूभर हलली नाही.

आजही ती तिथेच आहे, आणि आजही तिला पडलेलंच फूल वाहतात. सकाळी फुलं हिरवट दिसली तर म्हाताऱ्यानं फसवलं म्हणू नका, दुपारपर्यंत थांबा. फोटो काढा हवे तेवढे. पण झाडावरचं फूल तोडून आणलंत, तर देवीपर्यंत पोचू देणार नाही. आमच्या घराण्यानं एकदा भलत्याच माणसाला दारात अडवलं. कुणाला अडवायचं, ते आता आम्हाला नीट कळतं.