राजाच्या उचकीची चाल

"या चालीचं नाव काय?" राजा निंबराजाने विचारलं, आणि तिथेच सगळा घोळ झाला!

राजा राज्याच्या फेरीवर निघाला होता. वेशीवर सनई ऐकून खूश झाला, म्हणून नाव विचारलं. पहिलं गाव म्हणालं, "म्हशीचं बाळंतपण!" पुढच्या गावात तीच चाल, जरा ठुमकत. नाव? "सासूबाई आल्या!" तिसऱ्या गावात तीच, पण पळत सुटलेली. नाव? "ढेकणाची वरात!" आणि जो तो शपथेवर सांगे, खरी चाल आमचीच, बाकीच्यांनी बिघडवली!

राजाचं डोकं फिरलं. त्याने दरबारचा सनईवाला दौलू याला बोलावलं.

"आठ दिवसांत या चालीचं एकच रूप आणि एकच नाव ठरव! सगळ्या राज्याला मान्य हवं. मग कुणी सूर इकडचा तिकडे केला, तर त्याची सनई नदीत. आणि तुला जमलं नाही, तर राज्यातल्या सगळ्याच सनया नदीत, पहिली तुझी!"

दौलू रडकुंडीला येऊन घरी आला. "ठकू, ही आजोबांची सनई गं! आणि खरं सांगू? मी स्वतःच ती चाल दोनदा सारखी वाजवत नाही!"

त्याची मुलगी ठकू सनईच्या तोंडाशी बसवायच्या पत्त्या तासत बसली होती. ती म्हणाली, "आबा, सगळ्या सनईवाल्यांना उद्या दरबारात बोलवा. बाकीचं मी बघते."

दुसऱ्या दिवशी ठकू राजापुढे उभी राहिली. "महाराज, आमच्यात चाल गुरूच्या तोंडून घेतात. गुरूने दिली तशी उचलायची, काडीचा फरक करायचा नाही. राज्यात तुमच्याहून मोठा कोण? तुम्हीच द्या ना चाल!"

राजा फुलून गेला. चार बेसनलाडू नुकतेच पोटात गेले होते. मिशीवर हात फिरवून त्याने सुरू केलं, "तानाना तानाना... उचक्!"

जरा थांबून राजा ओरडला, "कोण रे आठवण काढतंय माझी?" आणि पुन्हा, "तानाना... उचक्! उचक्!"

शंभर सनईवाले माना डोलावत मन लावून ऐकत होते.

आठव्या दिवशी सगळे दरबारात हजर! ठकूने हात वर केला आणि शंभर सनया एकदम वाजल्या. तानाना तानाना, की मध्येच सगळ्यांची "उचक्!" मग सनया खाली घेऊन शंभर जण एका सुरात ओरडले, "कोण रे आठवण काढतंय माझी?"

"हे काय चाललंय?" राजा सिंहासनावरून उठलाच.

"एकच रूप, महाराज!" ठकू म्हणाली. "गावोगाव हेच वाजतंय. आणि नाव आम्ही कुणाला सांगितलंसुद्धा नाही, सगळ्यांनी आपणहून एकच ठेवलं. राजाची उचकी!"

"बदला ते!"

"बदललं तर सनई नदीत. हुकूम तुमचाच!"

राणीने पदर तोंडाला लावला. राजा लालेलाल झाला.

"शिवाय महाराज," ठकू म्हणाली, "आता लग्न असो, बारसं असो, ही चाल वाजणारच. वाजली की माणसं तुमची आठवण काढणार. आठवण काढली की तुम्हाला उचकी लागणार. लग्नसराईत कसं व्हायचं तुमचं?"

राजाने लग्नसराईचे दिवस बोटांवर मोजले. मग असा हसला, असा हसला, की त्याला खरंच उचकी लागली! सवयीने दोन-चार सनईवाल्यांनी लगेच सनया तोंडाला लावल्या.

"थांबा रे बाबांनो!" राजा डोळे पुसत ओरडला. "हुकूम रद्द! ज्याला जशी यायची तशी वाजवा, हवं ते नाव ठेवा, फक्त माझं सोडून! दौलू, तुझ्या सनईला सोन्याचं कडं. आणि पोरी, तुला काय हवं?"

"आमच्या गावात या चालीला म्हशीचं बाळंतपण म्हणतात, महाराज," ठकू म्हणाली. "नाव आमच्याकडे आहे. म्हैस तेवढी द्या!"