राजाच्या मापाची गोळी

खडसगडच्या भुजंगराव महाराजांनी हुकूम सोडला, की दसऱ्याच्या सलामीला फौजेतल्या प्रत्येक बंदुकीतून एकाच मापाची गोळी सुटली पाहिजे. माप अर्थातच महाराजांच्या स्वतःच्या बंदुकीचं.

आता या फौजेच्या बंदुका म्हणजे काय प्रकरण होतं? एका फिरंगी व्यापाऱ्यानं गलबत हलकं करायला महाराजांच्या गळ्यात मारलेल्या, कुठकुठल्या लढायांतून उरलेल्या जुन्या बंदुका. एकीची नळी करंगळीएवढी, तर दुसरीत अंगठा जाऊन वर वारा खेळेल. महाराजांची बंदूक सगळ्यांत रुंद तोंडाची. महाराज स्वतःही सगळीकडून रुंदच होते.

एकाच मापाचा हा नाद त्यांना मागच्या सालापासून लागला होता. तेव्हा त्यांनी आपल्या डोक्याच्या मापानं शिवलेल्या पगड्या साऱ्या फौजेला वाटल्या होत्या. त्या सगळ्यांना अगदी बरोबर बसल्या, असा त्यांचा समज होता. राजाचा समज मोडायला कोण जातंय?

गोळ्या ओतायचं काम रावजी ओताऱ्याकडं. त्यानं दरबारात हात जोडले. "सरकार, जशी नळी तशी गोळी लागते. एवढी मोठी गोळी अरुंद नळीत जायची नाही."

"जायची नाही म्हणजे?" दिवाण आबाजीपंत कडाडले. पंतांनी उभ्या जन्मात बंदूक हातात धरली नव्हती, त्यामुळं त्यांना बंदुकीतलं सगळंच ठाऊक होतं. "ठोकून बसवा! गजानं जात नसेल तर लाकडी मोगरीनं ठोका."

"नळी फुटंल, पंत. बार काढणाऱ्याचं तोंड जाईल."

महाराजांनी मिशीवर ताव दिला. "राज्य एक, राजा एक, गोळी एक. आणि तुला एवढी खात्री आहे ना? मग सगळ्यांत अरुंद बंदुकीचा पहिला बार तूच काढायचा."

रावजीनं घरी येऊन सगळी हकिगत सांगितली. बायको हौसा पोराला मांडीवर घेऊन टोपडं घालत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"अन् तुम्ही काय म्हणालात?"

"जी म्हणालो."

"छान. तोंड जायची पाळी आली, तरी त्या तोंडातनं 'जी' शिवाय काही निघालं नाही."

बोलून गेली खरी, पण त्या तोंडाशी ती रोज भांडत होती. उद्या भांडायला ते तोंडच नसेल, या विचारानं तिला रडू आलं. तेवढ्यात पोरानं टोपडं ओढून फेकलं. हौसानं ते उचललं, जरा वेळ बघत राहिली, आणि डोळे पुसून कामाला लागली.

दसऱ्याला मैदानावर फौज उभी राहिली, समोर नेम धरायला मडकी मांडलेली. रावजी पुढं, हातात अरुंद बंदूक, ओठ पांढरे. आबाजीपंत मोगरीसकट हजर. इतक्यात हौसा ताट घेऊन थेट महाराजांपुढं आली. ताटात लेकराचं टोपडं.

"दसऱ्याची भेट आहे, महाराज. घालून बघा."

महाराज हसले. "बाई, हे आम्हाला बसायचं नाही."

"बसंल की! ठोकून बसवू." तिनं पंतांच्या हातातली मोगरी काढून घेतली आणि उगारली.

महाराजांनी दोन्ही हातांनी आपली पगडी घट्ट धरली. "वेडी झालीस काय? डोकं फुटेल आमचं!"

"नळीचं पण हेच म्हणणं आहे, महाराज. तिला बोलता येत नाही, एवढंच."

पंत घसा खाकरून म्हणाले, "म्हणून काय प्रत्येक बंदुकीला वेगळी गोळी ओतायची? हुकूम एका गोळीचा आहे!"

"एकच राहू द्या की." हौसानं पहिल्या रांगेतल्या एका काटकुळ्या शिपायाची पगडी खसकन उतरवली. आतून चिंध्यांचा बोळा खाली पडला. पाठोपाठ सगळ्या रांगेनं आपापल्या पगड्या दाबून धरल्या.

"हे काय?" महाराजांनी विचारलं.

शिपाई बोळा उचलत म्हणाला, "पगडी नाकावर येती, सरकार. सगळ्यांनीच चिंध्या कोंबल्यात."

"सगळ्यांनीच?"

"हुकूमही मोडला नाही अन् डोळेही झाकले नाहीत," हौसा म्हणाली. "गोळीचं तसंच करायचं. सगळ्यांत अरुंद नळीत जाईल तेवढीच ओतायची. रुंद नळीत तीच गोळी चिंधीत गुंडाळून घालायची, म्हणजे खुळखुळत नाही."

तिनं रात्री घरच्या भट्टीवर ओतलेल्या दोन बारीक गोळ्या कनवटीतून काढल्या. एक रावजीच्या नळीत अलगद उतरली. त्यानं डोळे मिटून चाप ओढला. धूर निवळला तेव्हा समोरचं मडकं फुटलेलं होतं आणि रावजीचं तोंड होतं तिथंच होतं.

"आणि आमच्या बंदुकीत?" महाराजांचा आवाज जरा खाली आला होता.

"त्यात चिंध्या सगळ्यांत जास्त, महाराज. मोठ्यांचं सगळंच मोठं."

तिनं दुसरी गोळी शिपायाच्या चिंध्यांत गुंडाळून दिली. महाराजांनी स्वतः बार काढला. दुसरं मडकंही फुटलं. महाराज आधी मडक्याकडं, मग त्या टोपड्याकडं बघत राहिले, आणि पोट धरून हसत सुटले.

"माग, बाई, काय मागशील ते!"

पंतांना घाम फुटला. ही आता गाव मागते की जहागीर?

"त्या सगळ्या पगड्या द्या, महाराज. एवढ्या बंदुकांना चिंध्या लागतील ना?"

फौजेनं असा जयजयकार केला, की तेवढा सलामीलाही कधी झाला नव्हता. महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं हौसाच्या ताटात टाकलं, सगळ्या पगड्यांचा ढीग घालायला लावला आणि त्यावर पहिली स्वतःची ठेवली.

"पंत," ते म्हणाले, "बसा फाडायला."