गिरनारला हरवलेल्या चिपळ्या

कोकणातल्या एका गावी महादेवाच्या देवळामागे बारमाही झरा होता. तो सर्वांसाठी खुला राहावा, हा दिवंगत कीर्तनकार त्रिंबकबुवांचा आग्रह. देवस्थानाचे अध्यक्ष विश्वासराव यांना मात्र तिथे कुंपण घालून यात्रीनिवास बांधायचा होता.

एका सोमवारी त्यांनी सभामंडपात एक यंत्र मांडले. बुवांची इंटरनेटवरची सारी कीर्तने ऐकून ते हुबेहूब त्यांच्या आवाजात बोलत असे.

"भक्तहो, झरा विश्वासरावांच्या हाती सोपवा," यंत्र म्हणाले. साऱ्या गावाने हात जोडले.

बुवांच्या पत्नी सगुणाबाई यांचाही जीव त्या आवाजाने क्षणभर कालवला. मग त्या उठल्या. "एक विचारू का यांना?"

"विचारा की, काकू! यंत्र आहे ते, तुमच्या-आमच्यासारखं विसरत नाही," विश्वासराव हसले.

"अहो, गिरनारला तुमच्या चिपळ्या हरवल्या होत्या. त्या कुणाला सापडल्या?"

"एका वृद्ध साधूला," यंत्र तत्काळ उत्तरले. "तू किती रडली होतीस, सगुणे!"

मंडप गहिवरला. सगुणाबाई शांतपणे म्हणाल्या, "आम्ही दोघं जन्मात कधी गिरनारला गेलो नाही. मी गिरनार पुढे केला, यानं मान डोलावली. विश्वासराव, तुम्ही याच्यापुढे काय ठेवलं होतंत, तेवढं आता देवासमोर सांगा."

विश्वासरावांनी यंत्र बंद केले आणि कुंपणाचा विषय मागे घेतला.

सगुणाबाईंनी महादेवापुढे माथा टेकला. त्यांचे खरे बुवा त्यांना परत मिळाले होते.