कासवतात्यांची उमेदवारी

फार जुन्या काळी एका तळ्याकाठच्या प्राण्यांनी अध्यक्ष निवडायचं ठरवलं. पाणमांजर दारोदार फिरून मतं मागू लागलं, तर मोर सभेत नाचू लागला. म्हाताऱ्या कासवतात्यांना दोघंही पटेनात.

"आमच्या वेळी उमेदवार घरी बसायचा. लोकच त्याच्याकडे जाऊन 'तुम्हीच व्हा' म्हणायचे," ते म्हणाले. "मत मागायचं म्हणजे लाजच सोडायची!"

"मग तात्या, तुम्हीच उभे राहा की," बेडूक म्हणाला.

तात्या उभे राहिले, म्हणजे जुन्या रीतीप्रमाणे घरी बसले. पंधरा दिवस त्यांनी लोकांची वाट पाहिली. आलं ते फक्त पाणमांजर. तळ्याचा बांध पाझरतोय, उन्हाळ्याआधी बुजवायला हवा, असं सांगून त्यानं तात्यांच्या दुखऱ्या गुडघ्याचीही चौकशी केली.

पाणमांजर एका मताच्या फरकाने निवडून आलं. तात्यांना एकूण एकच मत पडलं.

"ते माझं," त्यांची बायको म्हणाली. "म्हणजे तुम्ही स्वतःलासुद्धा मत दिलं नाहीत?"

तात्यांनी मान पाठीखाली ओढून घेतली.

"कसं देणार?" आतून आवाज आला. "तो उमेदवार पंधरा दिवसांत एकदाही घराबाहेर पडला नाही."