गुप्त नाक्याची रिकामी चौकट

"पण कार्डावर तिन्ही शिक्के तर आहेत की," आतार उस्ताद म्हणाले. "मग पोरीचं नाव कशापायी खोडायचं?"

"तीन शिक्के उघड्या नाक्यांचे, उस्ताद. चौथी चौकट बघा. गुप्त नाक्याची. रिकामी आहे."

उस्तादांनी कार्ड बल्बजवळ धरलं. बराच वेळ धरलं...

'पोरगी' बावन्न वर्षांची होती. भिलारच्या अंगणवाडीतल्या कुंदाताई भिलारे.

सोमवारची पहाट. वाईतल्या उस्तादांच्या सायकलच्या दुकानात हात चोळले तरी बोटं सरळ होत नव्हती, इतका गारठा. क्लबाच्या फेऱ्यांची व्यवस्था बघणारा चैतन्य पिसाळ साताऱ्याहून गाडी दामटत थेट इथे आला होता. कालची दोनशे किलोमीटरची सायकलफेरी पुरी करणाऱ्यांची यादी दहा वाजता क्लबात लावायची होती, आणि उस्तादांच्या सहीशिवाय ती लागत नसे.

क्लबाची रीत अशी. थंडीत चार लांब फेऱ्या. प्रत्येक स्वाराच्या खिशात एक कार्ड आणि वाटेतल्या प्रत्येक नाक्यावर त्यावर शिक्का. चारी फेऱ्या वेळेत झाल्या की उस्ताद स्वतःच्या हातांनी घासलेली पितळी घंटा सायकलला लावून देत. एकोणीस वर्षांत एकाही बाईच्या सायकलला ती लागली नव्हती.

कुंदाताईंची कालची चौथी होती. घंटा फळीवर तयार होती.

"गुप्त नाका कोणाचं डोकं?"

"माझं." चैतन्यची छाती नाही म्हटलं तरी इंचभर फुगली. "तुम्ही कधी लावला नाहीत. म्हणूनच गेल्या वर्षी एकजण जीपमधून घाट चढला आणि अख्ख्या जिल्ह्यात आपलं हसं झालं."

हे खरं होतं. त्या हसण्याचा चटका चैतन्यलाच सगळ्यात जास्त बसला होता. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. चैतन्य तर हल्ली पाणीसुद्धा फुंकायला लागला होता.

"नाक्यावर कोण होतं?"

"मी स्वतः. पसरणी घाटात, मधल्या वळणावर. दुसऱ्या कोणावर विश्वास कसा ठेवायचा?"

उस्तादांनी मान हलवली. होकाराची की नकाराची, ते चैतन्यला कळलं नाही.

"बेचाळीस जण वाईहून घाटाला लागले," तो म्हणाला. "एकेचाळीस जणांच्या कार्डावर मी सही केली. कुंदाताई माझ्यासमोरून गेल्याच नाहीत. आणि तरी पाचगणीच्या नाक्यावर आठला दहा कमी असताना हजर! लोखंडी सायकल, बावन्न वय... कॉलेजातल्या पोरांना त्यांच्यापेक्षा जास्त वेळ लागला."

"ती रोज सरावाला चढते तो घाट."

"रोज टेम्पोही चढतो, उस्ताद."

"कुठला टेम्पो?"

चैतन्य पुढे सरकला. दुकानात दोघांखेरीज कोणी नव्हतं, तरी त्याने आवाज खाली आणला.

"त्यांच्या दिराचा. स्ट्रॉबेरी उतरवून पहाटे रिकामा वर जातो. काल सातच्या आधी माझ्यासमोरून गेला. मागे ताडपत्री आवळून बांधलेली. रिकाम्या टेम्पोला ताडपत्री कोण बांधतं?"

"रिकामे क्रेट वाऱ्याने उडतात."

"हं... दिरानेही हेच सांगितलं. अगदी हेच शब्द." चैतन्यने भुवया उंचावल्या. "ठरवून सांगितल्यासारखे."

उस्ताद हसले नाहीत.

"कुंदाला विचारलंस?"

"विचारलं. म्हणाल्या, मला घाटात नाका कुठं दिसलाच नाही. झालं! तिथून गेल्याच नाहीत तर दिसेल कसा?"

"तुझी गाडी कुठं होती?"

"वडाच्या आड. दिवे बंद, इंजिन बंद. नाका दिसला तर तो गुप्त कसला?"

उस्तादांनी कार्ड सदऱ्याच्या खिशात ठेवलं. कानटोपी चढवली.

"चल. जागा दाखव."

"आत्ता? सही केली असती तर मी ऑफिसला..."

उस्ताद जाऊन गाडीत बसलेसुद्धा.

घाट चढताना चैतन्यच्या मनात पाल चुकचुकली. उस्ताद कुंदाताईंची बाजू का घेतायत? त्यांची ती सायकल उस्तादांनीच बांधलेली. म्हणजे सायकलची अब्रू ती उस्तादांची अब्रू. मनातला हा विचार त्याला आवडला नाही, पण त्याने तो हाकललाही नाही.

"दिवाही माझ्याच दुकानातला आहे तिचा," उस्ताद एकदम म्हणाले. "उजाडलं की लगेच बंद करते. सेल वाया जातात म्हणते."

चैतन्यने नुसतं "हं" केलं. दिव्याचा इथे काय संबंध...

वळण आलं. त्याने गाडी कालच्यासारखीच वडाच्या आड लावली, रस्त्याकडे तोंड करून.

"काल सगळा वेळ आत बसून होतास?"

"सुरुवातीला बाहेर होतो. पण वारा हाडात शिरायला लागला, मग आत बसलो. दिवा दिसला की उतरायचं, सही करायची, परत आत. डोळ्याला डोळा लागू दिला नाही, उस्ताद. शपथेवर सांगतो."

"शेवटची सही कितीला?"

"सात वाजून दोन मिनिटांनी."

"उजाडलं कधी?"

"...त्याच सुमारास."

उस्ताद खाली उतरले.

"तू आत बस. काचा कालच्यासारख्या लाव. रस्त्यावरून कोण जातं ते बघ आणि मला सांग."

दार बंद झालं. उस्ताद मागच्या बाजूला गेले.

चैतन्य बसला. वास्तविक त्याला राग आला होता. शाळेतल्या पोराला बाकावर बसवावं तसं बसवलं होतं त्याला. पण नाका म्हटलं की त्याचं अंग आपोआप ताठ होई. नजर समोर, हात मांडीवर. मनात एकच घोळत होतं. ताडपत्री... तेच शब्द... आठला दहा कमी...

दोन पिवळे गोळे घरघरत वर गेले. दूधगाडी. मग दोन मोठे. एसटी.

बाहेर उजाडत होतं. गाडीत त्याच्या श्वासाची ऊब साठली होती. बरं वाटत होतं.

वीसेक मिनिटांनी दारावर टकटक झाली. तो उतरला.

"कोण गेलं?"

"दूधगाडी. मग एसटी. बस्स."

"आणखी?"

"कोणी नाही. नजर हलवली नाही मी."

"मी गेलो की. तीनदा."

चैतन्यने उस्तादांकडे रोखून पाहिलं. म्हातारा कुंदाताईंसाठी खोटं बोलतोय? एकोणीस वर्षांत न बोललेलं?

"शक्यच नाही, उस्ताद. तुम्ही मागे उभे होतात."

उस्तादांनी गाडीच्या पुढच्या काचेकडे बोट केलं.

वायपरखाली कुंदाताईंचं कार्ड अडकवलेलं होतं. स्टिअरिंगच्या बरोबर समोर. रिकामी चौकट आतल्या बाजूला, बसणाऱ्याच्या तोंडासमोर.

चैतन्य घाईघाईने पुन्हा आत बसला.

समोर पांढरं. नुसतं पांढरं... कार्ड नाही, वड नाही, रस्ता नाही.

तो तसाच बसून राहिला. कालचे सगळे दिवे त्याला आठवले. धुरकट, पिवळे, एकामागून एक. सात वाजून दोन मिनिटांनंतर एकही नाही. आणि त्यानंतर तो पाऊण तास इथेच बसला होता. टक लावून.

तो बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. थंडीने असतील, नसतीलही.

"पण उस्ताद..." त्याचा आवाज पडला होता. "मला दिसल्या नाहीत, एवढंच सिद्ध झालं. त्या टेम्पोत नव्हत्याच, हे कुठं सिद्ध झालं?"

"नाही झालं."

"मग?"

"मग काय?"

"चौकटीत लिहू काय मी?"

"तुझा नाका. तुझी सही. तुला दिसेल ते लिही."

उस्तादांनी खिशातलं पेन काढून पुढे केलं. चैतन्यने ते घेतलं नाही.

खालच्या वळणावरून घंटीचा आवाज आला. साधी, पत्र्याची घंटी. मग चेनची कुरकुर. डोक्याला मफलर गुंडाळलेली एक बाई लोखंडी सायकलवर उभी राहून पायडल मारत वर येत होती. हँडलला पिशवी. पुढचा दिवा बंद.

कुंदाताई. काल वाईत लेकीकडे मुक्काम केला असणार. आता अंगणवाडीची वेळ गाठायची होती.

त्यांनी आधी उस्तादांना पाहिलं. चेहरा खुलला. मग शेजारी चैतन्य दिसला, आणि चेहरा लगेच मिटला. काल संध्याकाळी सगळ्यांदेखत त्याने विचारलं होतं, "ताई, टेम्पोत किती जण होतात?" लोक हसले होते. त्या हसण्याचा ओरखडा कुंदाताईंच्या तोंडावर अजून होता.

त्या थांबल्या नाहीत. दोघांसमोरून गेल्या. वळण घेतलं. चढ तीव्र झाला तशा त्या पुन्हा उभ्या राहिल्या, आणि चेनची कुरकुर वर वर जात राहिली.

चैतन्यने आपसूक घड्याळाकडे पाहिलं. सात वाजून सतरा.

त्याने मनात हिशेब मांडला. या वेगाने इथून पाचगणी... आठला दहा कमी. कालचीच वेळ.

त्याला कुंदाताईंच्या मागे धावावंसं वाटलं. पण चढावर त्यांना गाठणं काही त्याच्याने झालं नसतं, हे त्याला पक्कं माहीत होतं.

तो गाडीकडे वळला. वायपर उचलून कार्ड काढलं. उस्तादांच्या हातातून पेन घेतलं. मग काय वाटलं कोण जाणे, खिशातून रुमाल काढून तो काच पुसायला लागला. दंव निघालं. काच पांढरीच. त्याने आणखी जोर लावला. रुमाल भिजला, बोटं बधिर झाली. काच पांढरीच.

"निघत का नाही, उस्ताद?"

उस्तादांनी गाडीचं दार उघडून धरलं.

"आतनं पूस, बाबा."